रत्नागिरीचा परका राजा



दिवाळीची सुट्टी संपली, की आपल्या सातारा-सांगलीकडच्या शाळांत सहलीची बोलणी सुरू होतात. पन्नास-साठ मुले, दोन गुरुजी, एक बाई आणि एक एस. टी. गाडी. मुलांना विचारले, कुठे जायचे, तर उत्तर ठरलेले असते : समुद्र पाहायला. कऱ्हाडकडची मंडळी पाटणवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरतात. सांगली-मिरजेकडची कोल्हापूर, मलकापूर करीत आंबा घाटाने खाली येतात. दोन्ही वाटा हातखंब्याला मिळतात आणि तिथून रत्नागिरी अगदी जवळ.

रत्नागिरीत पाहायचे काय, याची यादीही गुरुजींच्या खिशात असते. भाट्याची वाळू, मांडवीचा धक्का, किल्ल्यावरची भगवती आणि तिथले दीपगृह, मत्स्यालय, लोकमान्यांचे जन्मघर, पतितपावन मंदिर. मुले वाळूत तासन्‌तास रमतात, आणि रमावेच त्यांनी. नांगरटीच्या काळ्या जमिनीवर वाढलेल्या पोराला पहिल्यांदा समुद्र दिसतो तेव्हा त्याला इतिहास सांगायला जाऊ नये. पण वाळू काय, मासे काय, हे पुष्कळ बंदरांत मिळेल. रत्नागिरीत एक वास्तू अशी आहे की तिच्यासारखी दुसरी साऱ्या किनाऱ्यावर नाही, आणि तिच्या वाट्याला बहुधा पंधरा मिनिटे येतात. ती म्हणजे थिबा राजाचा वाडा.

हा थिबा कोण? ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. १८७८ साली तो मंडालेच्या गादीवर आला तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता. तो काही मोठा गुणी राजा होता असे मी म्हणणार नाही. त्याच्या गादीवर येण्याच्या वेळी राजघराण्यातल्या कितीतरी माणसांची कत्तल झाली, तो डाग त्याच्या कारकिर्दीवर आहेच. पण इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले ते काही त्या पापाबद्दल नव्हे. भानगड सागवानाची होती. बॉम्बे बर्मा नावाची व्यापारी कंपनी ब्रह्मदेशच्या जंगलात सागाची तोड करीत असे. कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त लाकूड नेले, असे म्हणून दरबाराने तिला मोठा दंड केला. फ्रेंचांशी दरबाराची जवळीक वाढते आहे, ही धास्ती इंग्रजांना होतीच. तिला हे निमित्त सापडले. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांच्या बोटी इरावती नदीतून वर गेल्या आणि दोन आठवड्यांत मंडाले पडले. राजा, राणी सुपयालत आणि तिची बहीण, तीही राजाची राणीच, यांना बैलगाड्यांत बसवून नदीवरच्या आगबोटीपर्यंत नेले. रस्त्याच्या दुतर्फा प्रजा रडत उभी होती. तिथून मद्रास, आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी.

आता प्रश्न असा, की रत्नागिरीच का?

आज आपण रत्नागिरीला जातो ती ज्या गोष्टींसाठी, त्याच गोष्टींसाठी सरकारनेही ती निवडली. मागे सह्याद्रीची भिंत, पुढे समुद्र. रेल्वे नाही, ती पुष्कळ पुढे आली. मुंबईहून यायचे ते आगबोटीने, आणि पावसाळ्याचे चार महिने तीही बंद. किल्ला नको, तुरुंग नको, साखळदंड नकोत. एकदा माणूस तिथे नेऊन ठेवला, की जगापासून तुटला. आपल्याला जी मोकळी हवा वाटते, ती त्याची कोठडी होती.

याची तुलना आपल्या भागातल्या एका गोष्टीशी करून पाहा. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून, तटावरून उड्या टाकून बाहेर पडले. त्यांतले दोघे गोळीबाराला बळी पडले. तुरुंगाला तट होता, खंदक होता, बंदुका होत्या. तरी त्यांनी उडी टाकली, कारण तटापलीकडे आपला मुलूख होता, भाकरी देणारी, लपवून ठेवणारी घरे होती. थिबाला तट नव्हता. पण पलीकडे होते काय? न समजणारी भाषा, अनोळखी तोंडे, परका पाऊस.

रत्नागिरीच्या या गुणाचा सरकारने पुढेही उपयोग केला. अंदमानातून परत आणलेल्या सावरकरांना आधी इथल्या तुरुंगात ठेवले, आणि १९२४ मध्ये सोडले तेही रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही या अटीवर. ते बंधन १९३७ पर्यंत टिकले. पतितपावन मंदिर १९३१ चे, भागोजीशेठ कीरांच्या पैशातून उभे राहिलेले. सर्व जातींच्या हिंदूंना देवापर्यंत जाऊ देणारे ते मंदिर स्थानबद्धतेच्या याच काळातले आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

पण थिबाच्या गोष्टीतली सर्वांत विलक्षण गाठ वेगळीच आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, याच रत्नागिरीतला. १९०८ साली त्यांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि सरकारने त्यांना नेऊन ठेवले कुठे? मंडालेला! म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदी, आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत कैदी. टिळक तिथे गीतारहस्य लिहीत होते, त्याच सुमारास, १९१० मध्ये, इकडे थिबाचा वाडा बांधून पुरा झाला. सरकारच्या कुणा कारकुनाला हा योग सुचला नसेल, पण तो आहे खरा. टिळक आळीतले ते कौलारू घर आणि हा वाडा एकाच गावात आहेत. सकाळी एक पाहून दुपारी दुसरे पाहावे. ब्रह्मदेशचा नकाशा मुलांच्या हातात द्यावा म्हणजे झाले.

आणि साताऱ्याच्या मुलांना तर हा वाडा परका वाटायचे काहीच कारण नाही. आपला राजा इंग्रजांनी असाच उचलून नेला होता. छत्रपती प्रतापसिंह महाराज. शहरात शाळा काढणारे, राज्यात रस्ते, पाणी यांची कामे करणारे. त्यांच्यावर कटाचा आळ आणला. दोष कबूल असल्याच्या कागदावर सही करा, गादी राहील, असे गव्हर्नर म्हणाला. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून आधी जवळच्याच लिंब गावी ठेवले आणि मग बनारसला धाडले. रंगो बापूजींनी विलायतेत वर्षानुवर्षे दाद मागितली, ती लागली नाही. १८४७ मध्ये महाराज बनारसलाच वारले. मराठ्यांचा राजा गंगेकाठी, दिल्लीचा बहादूरशहा रंगूनला, रंगूनपलीकडचा थिबा कोकणात. राजाला मारायचे नाही, त्याला त्याच्या माणसांपासून दूर नेऊन विसरायला लावायचे, ही रीत होती. साताऱ्यातले मूल राजवाड्यावरून रोज शाळेला जाते. त्याला थिबाच्या वाड्यात उभे करून एवढेच विचारावे : या माणसाला बनारसची हकीकत सांगितली असती, तर तो काय म्हणाला असता?

सांगली-मिरजेच्या मुलांसाठी उलट दिशेचा धागा आहे. पटवर्धन घराण्याचे मूळ पुरुष हरभट हे रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे. ते घाट चढून वर आले, आणि त्यांच्या वंशजांनी देशावर संस्थाने उभी केली. तोच घाट. जो आपल्या पायांनी चढला त्याला वाट, आणि ज्याला बोटीतून आणून ठेवला त्याला भिंत.

आता वाडा पाहायचा कसा. तीन मजली इमारत आहे, लाल जांभ्या दगडाची, उतरत्या छपरांची. खिडक्यांवरच्या अर्धगोल लाकडी नक्षीकडे वर मान करून जरूर पाहा. आत शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे. पण वस्तू पाहून झाल्या की मुलांना पश्चिमेकडे उभे करा. खाली खाडी दिसते, तिच्या पलीकडे समुद्र. मग गणित घाला. राजा १८८६ मध्ये आला, वाड्यात राहायला गेला १९१० मध्ये, वारला १९१६ च्या डिसेंबरात. म्हणजे चोवीस वर्षे सरकारी बंगल्यांत आणि वाड्यात फक्त सहा. आला तेव्हा वय सत्तावीस. मुले उत्तर काढतील आणि थोडा वेळ गप्प होतील. तनख्यात भागेना, म्हणून बरोबर आणलेली माणके त्याला एकेक करून विकावी लागली, हेही सांगावे. ब्रह्मदेशची माणके जगात नावाजलेली. ती इथल्या सराफ-सावकारांच्या हाती गेली.

वाड्यावरून थडग्याकडे जावे. तिथे फारसे कोणी जात नाही. धाकटी राणी १९१२ मध्ये वारली, नंतर राजा. त्यांचे देह मायदेशी नेण्याची परवानगी मिळेना, म्हणून ते दफन न करता ठेवले होते. शेवटी १९१९ मध्ये सरकारने रत्नागिरीतच दफन करविले. त्याच वर्षी थोरली राणी आणि मुली ब्रह्मदेशात परतल्या. राणी १९२५ मध्ये रंगूनला वारली. पुढे ब्रह्मदेशचे, म्हणजे आताच्या म्यानमारचे, अध्यक्ष थेन सेन डिसेंबर २०१२ मध्ये रत्नागिरीला येऊन या थडग्यापुढे उभे राहिले.

थोरली राजकन्या मात्र ब्रह्मदेशात रमली नाही. वाड्यावरच्या एका मराठी नोकराशी तिचे मन जुळले होते आणि त्याच्यापासून तिला मुलगी झाली होती. ती रत्नागिरीला परत आली, हलाखीत राहिली आणि १९४७ मध्ये तिथेच वारली. पुढच्या वर्षी ४ जानेवारीला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. तिची मुलगी रत्नागिरीतच राहिली, तिथेच तिचा संसार झाला, आणि थिबाच्या त्या नातीची बोली मराठी होती.