कर्णधाराचे राहून गेलेले काम

क्रीडांगणावरील पराभव सायंकाळी संपतो. परंतु पराभूत कर्णधाराच्या मनात तो किती वर्षे चालू राहतो, याची नोंद कोणत्याही धावफलकावर सापडत नाही. इंदूरच्या क्रिकेटच्या इतिहासात अशा एका पराभवाची आणि त्याच्या परतफेडीची हकीकत आहे. ती समजण्यासाठी प्रथम होळकरांच्या काळाकडे वळले पाहिजे.

महाराजा यशवंतराव होळकर यांच्या आश्रयाने इंदुरात होळकर संघ उभा राहिला. मूळचे नागपूरचे कर्नल सी. के. नायडू त्याचे कर्णधार, तर इंदूरचे मुश्ताक अली त्याचे तडफदार फलंदाज. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात खेळला आणि चार वेळा विजयी झाला. शेवटचा विजय १९५२-५३ च्या हंगामातला. पुढे संस्थानी संघ गेला, मध्य प्रदेशाचा संघ आला. परंतु करंडक मात्र इंदुरास परतला नाही.

तो परत आणण्याची संधी प्रथम मिळाली ती चंद्रकांत पंडित यांना. १९६१ साली मुंबईत जन्मलेले पंडित हे रमाकांत आचरेकरांच्या तालमीत तयार झालेले यष्टिरक्षक आणि फलंदाज. १९८६ साली लीड्स येथे ते पहिली कसोटी खेळले. परंतु यष्टीमागची जागा त्या काळी बहुधा किरण मोरे यांच्याकडे असे. पंडितांच्या वाट्याला पाच कसोटी आणि छत्तीस एकदिवसीय सामने आले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत मात्र त्यांनी बावीस शतके काढली.

१९९९ च्या एप्रिलमध्ये बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध अंतिम सामना झाला. पंडित मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. पहिल्या डावात त्यांच्या संघास ७५ धावांची आघाडी मिळाली. अखेरच्या डावात विजयासाठी हव्या होत्या २४७ धावा. विजय भारद्वाज यांच्या फिरकीपुढे डाव १५० धावांत कोसळला. हातातोंडाशी आलेला घास गेला.

खेळाडूची कारकीर्द संपल्यावर पंडित प्रशिक्षक झाले. २००२-०३ आणि २००३-०४ या लागोपाठच्या हंगामांत, आणि पुन्हा २०१५-१६ मध्ये, मुंबईने त्यांच्या मार्गदर्शनाखाली करंडक जिंकला. २०१७ च्या जानेवारीत इंदूरच्याच होळकर मैदानावर मुंबई गुजरातकडून अंतिम सामना हरली आणि पंडित व मुंबई यांचे मार्ग वेगळे झाले. ते विदर्भाकडे गेले. वर्षभरातच, त्याच मैदानावर, विदर्भाने दिल्लीला हरवून आपला पहिला करंडक मिळविला. पुढच्या हंगामात तो राखलाही.

२०२० साली मध्य प्रदेशाने त्यांना पाचारण केले. त्यांची शिस्त कडक. काहींना ती जाचकही वाटे. परंतु मोठ्या नावांची वाट न पाहता हाताशी असलेल्या मुलांतून संघ घडविण्याची त्यांची रीत होती. २०२२ च्या जूनमध्ये तिची कसोटी लागली. अंतिम सामना पुन्हा चिन्नास्वामी मैदानावर होता आणि समोर होती मुंबई, एकेचाळीस वेळा करंडक जिंकलेली, पंडितांची जन्मभूमी. मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार हेही आचरेकरांचेच शिष्य. इंदूरचे वेंकटेश अय्यर आणि आवेश खान राष्ट्रीय संघासोबत असल्याने मध्य प्रदेशास उपलब्ध नव्हते.

मुंबईने ३७४ धावा केल्या. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांनी शतके झळकाविली आणि मध्य प्रदेशाने ५३६ धावांचे उत्तर दिले. पाचव्या दिवशी आदित्य श्रीवास्तव यांच्या संघाने सहा गडी राखून विजय मिळविला. तेवीस वर्षांपूर्वी ज्या मैदानावरून पंडित रिकाम्या हातांनी परतले होते, तेथेच त्यांचे डोळे भरून आले.

होळकरांच्या शेवटच्या विजयानंतर एकोणसत्तर वर्षांनी करंडक इंदुरास आला. धावफलकावर पंडितांच्या नावे त्या दिवशी एकही धाव नव्हती. जे काम कर्णधार म्हणून स्वतःच्या हातून राहून गेले, ते त्यांनी इतरांच्या हातून पुरे करविले. गुरूची कमाई बहुधा अशीच दुसऱ्याच्या नावावर जमा होत असते. आणि ती तशी जमा झालेली पाहण्यातच त्याचे समाधान असते.