ऐषआरामाची मोटार कीं शर्यतीची?

नगरच्या छावणींत १९९४ सालीं सुरू झालेलें रणगाड्यांचें संग्रहालय आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. अवाढव्य रणगाड्यांच्या त्या मेळाव्यांत एक बेताच्या आकाराची चिलखती मोटार उभी आहे. पोलादी पत्र्यांनीं मढविलेली ती आकृति पाहून कोणाच्या ध्यानींहि येणार नाहीं कीं, त्या चिलखताखालीं रोल्स रॉइस कारखान्याच्या 'सिल्व्हर घोस्ट' या, एके काळीं जगांतील अत्यंत ऐषआरामी गणल्या गेलेल्या मोटारीचा सांगाडा आहे. तिच्यापुढें उभें राहिलें कीं एक जुना वाद आठवतो. दूरच्या प्रवासाची देखणी, निःशब्द मोटार श्रेष्ठ, कीं हलक्या अंगाची, तिखट स्वभावाची शर्यतीची मोटार श्रेष्ठ? श्रीमंतांच्या हौसेचा हा प्रश्न दिसतो खरा. परंतु इतिहासांत त्याचा निकाल अनेकदां घाटांत लागला आहे, म्हणून तो आपल्याहि विचाराचा आहे.

प्रथम ऐषआरामाचा पक्ष ऐकूं. ४०/५० अश्वशक्तीची ही सहा सिलिंडरांची मोटार १९०६ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत आली. दुसऱ्याच वर्षीं रुपेरी रंगाची एक मोटार पंचांच्या देखरेखीखालीं १५,००० मैल चालविण्यांत आली. आरंभींच हादऱ्यानें पेट्रोलची तोटी बंद होऊन ती एकदां थांबली. त्यानंतर मात्र १४,३७१ मैल तिनें यंत्रदोषामुळें विसांवा म्हणून घेतला नाहीं. शेवटीं ती संपूर्ण खोलून तपासली, तेव्हां झिजलेले भाग नव्यासारखे करण्यास लागलेल्या सामानाचा खर्च निघाला दोन पौंड, दोन शिलिंग व सात पेन्स! म्हणजे मऊ गाद्यांच्या खालीं लोखंड कच्चें नव्हतें.

पुढें हिची परीक्षा आपल्या सह्याद्रीनेंहि घेतली. १९०८ सालीं मुंबई ते कोल्हापूर या मार्गावर मोटारींची कसोटी झाली. सहाशेंहून अधिक मैलांची ती वाट पांचगणी-महाबळेश्वराच्या चढणींसह सहा घाटांतून जात होती. त्या काळचे रस्ते, ती धूळ, तीं वळणें डोळ्यांपुढें आणावीं. 'पर्ल ऑफ द ईस्ट' नांवाची सिल्व्हर घोस्ट त्या कसोटींत विजयी ठरली आणि नंतर ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनीं ती विकत घेतली.

परंतु विजयाबरोबर आत्मसंतोष येतो. १९०९ सालीं कारखान्यानें चार गिअरांऐवजीं तीनच ठेवले. गिअर वारंवार बदलण्याचा त्रास सुखवस्तु प्रवाशाला कशाला, असाच तो विचार असावा. १९१२ सालीं आल्प्स पर्वतांतील स्पर्धेत जेम्स रॅडली हे खाजगी मालक आपली मोटार घेऊन उतरले. कात्शबर्गच्या उभ्या चढणीवर भरल्या मोटारीला पहिला गिअर पुरेना, आणि ती राजमान्य मोटार थिजून उभी राहिली. हा अपमान कारखान्याला झोंबला. त्यानें पुन्हां चार गिअर बसविले, इंजिनाची शक्ति वाढविली, आणि १९१३ सालीं त्याच पर्वतांत आपला संघ धाडून बक्षिसें जिंकलीं. सुखसोयींनीं झांकलेला दोष चढणीनें उघडा केला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां दुसरा पक्ष. भारदस्त सैन्याला चपळ घोडदळ कसें नडतें, हें आपल्या जिल्ह्यांतील भातवडीला मलिक अंबरानें १६२४ सालीं दाखविलें. तेंच तत्त्व बेंटले मोटारीनें रस्त्यावर आणलें. १९२१ पासून ग्राहकांच्या हातीं गेलेल्या या तीन लिटरच्या मोटारीला सिलिंडर चारच. परंतु प्रत्येकाला झडपा चार, आणि साऱ्या घडणीचा रोख वेगावर. फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत तिच्या कारखान्यानें १९२४ सालीं आणि पुढें १९२७ ते १९३० अशी सलग, एकूण पांचदां जिंकली. १९२७ सालीं तर रात्रीच्या अपघातांत पुढचा आंस वाकला, दिवा फुटला, तरी तीच जखमी मोटार पहिली आली. तेव्हां शर्यतीची मोटार नाजुक असते, हा आक्षेप टिकत नाहीं. मात्र शर्यती जिंकणें निराळें आणि संसार चालविणें निराळें. १९३१ सालीं कंपनी कर्जांत बुडाली व रोल्स रॉइसनेंच ती घेतली. १९३३ सालीं त्यांतून नवी बेंटले निघाली आणि तिची ओळख करून देण्यांत आली ती 'निःशब्द शर्यती मोटार' म्हणून! भांडणाऱ्या दोन पक्षांचा असा विवाह झाला.

हाच मिलाफ आपल्याकडेहि दिसतो. आपल्या जिल्ह्यांतील चौंडी येथें जन्मलेल्या अहिल्याबाईंचें नांव २०२४ पासून हा जिल्हा धारण करीत आहे. त्यांच्याच होळकर गादीवर आलेले दुसरे यशवंतराव यांनीं १९३५ च्या सुमारास ड्युसेनबर्ग ही अमेरिकन मोटार घेतली व तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून देखणी काया चढविली. नारिंगी-काळा रंग, आठ सिलिंडर, आणि कारखान्याच्या सांगण्याप्रमाणें ३२० अश्वशक्ति! सौंदर्य आणि वेग एकत्र नांदले. परंतु ते एका धन्यासाठीं. अहिल्याबाईंनीं बांधलेल्या घाटांवर, विहिरींवर व धर्मशाळांत कोणीहि वाटसरू विसांवत होता, हें अशा वेळीं आठवल्यावांचून राहत नाहीं.

मग निवड कोणती करावी? माझा कौल दूरच्या प्रवासाच्या मोटारीला आहे. कारण चार माणसांना, सामानासकट, न थकवितां मुक्कामीं पोहोंचविणें हें वाहनाचें पहिलें कर्तव्य होय. मात्र तो कौल कात्शबर्गच्या पुढच्या मोटारीला आहे, आधींच्या नव्हे. तिखट प्रतिस्पर्ध्यानें व उभ्या चढणीनें जिचे दोष काढले नाहींत, ती सुंदर मोटार केवळ शोभेची. १९१४ सालीं युद्ध पेटलें, तेव्हां या मोटारींचे दिमाखदार सांटे उतरवून त्यांवर चिलखत चढविलें गेलें. तें ओझें घेऊन त्या वाळवंटांत धांवल्या. गाद्या गेल्या, रुपेरी रंग गेला, घडण उरली. पुढल्या खेपेस मुलांना घेऊन त्या संग्रहालयांत जाल, तेव्हां रणगाड्यांकडे धांवण्यापूर्वीं त्या चिलखती मोटारीपाशीं क्षणभर थांबा, आणि त्यांना सांगा कीं ही एके काळीं राजेरजवाड्यांची मोटार होती.