लीलावतीतील चतुर्भुज आणि फरसबंदीचा हिशेब

चौकात फरसबंदी करावयाची म्हणजे पहिला प्रश्न क्षेत्रफळाचा. फरशी, चुना आणि मजुरी या तिन्हींचा हिशेब त्याच आकड्यावर उभा असतो. तो चुकला की पुढची आकडेमोड बिनचूक असूनही खर्चाचा अंदाज फसतो. चारही बाजू दोरीने मोजल्या की माप पुरे झाले, ही समजूत फार जुनी आहे.

इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त चतुर्भुजाच्या क्षेत्रफळाच्या दोन रीती सांगितल्या. समोरासमोरच्या बाजूंच्या बेरजा निम्म्या करून त्यांचा गुणाकार करावयाचा, ही स्थूल रीत. चारही बाजूंच्या बेरजेच्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करून, उरलेल्या चार संख्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावयाचे, ही सूक्ष्म रीत. परंतु ज्याचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर येतात, अशाच चतुर्भुजाला ती सूक्ष्म रीत लागू पडते.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकाच्या मध्यास रचलेल्या 'लीलावती'त नेमके येथेच बोट ठेवले. बाजू त्याच राहूनही कर्ण बदलतो आणि कर्णाबरोबर क्षेत्रफळही बदलते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे उदाहरण प्रत्येकी २५ मापाच्या चार बाजूंचे आहे. कोपरे काटकोनी असतील तर क्षेत्रफळ ६२५. कर्ण ३० व ४० असतील तर ६००. आणि १४ व ४८ असतील तर अवघे ३३६. ब्रह्मगुप्ताच्या दोन्ही रीती मात्र तिन्ही वेळा ६२५ हेच उत्तर देतात. तिरप्या जागेसाठी या उत्तरावर विसंबून फरशी आणविली, तर जवळजवळ निम्मी पडून राहावयाची. कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला, आणि तशा प्रश्नाचे उत्तर देणाऱ्यालाही, आचार्यांनी पिशाच म्हटले आहे, ते उगाच नव्हे.

हा ग्रंथ केवळ पंडितांसाठी नव्हता. १८ अंगुळे लांब, १२ रुंद व ३ उंच विटांची, ८ हात लांब, ५ रुंद व ३ उंच अशी रास रचली, तर विटा किती? उत्तर येते २,५६०, आणि थर २४. दराविषयीही आचार्यांचे मत व्यवहारी आहे: विटांचे, दगडांचे, खोदाईचे वा करवतीचे काम असो, त्याचे मोल जिन्नसाचा मऊपणा-कठीणपणा पाहून कारागिरांच्या संमतीने ठरवावे. दराला वाटाघाट आहे. मापाला ती नाही.

तेराव्या शतकाच्या आरंभी चाळीसगावाजवळ पाटण येथे आचार्यांचे नातू चांगदेव यांनी या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणलेल्या तेथील शिलालेखात त्याची नोंद आहे. मठ काळाच्या ओघात गेला, पण त्याच्या ग्रंथातील धडा कामावर टिकून आहे. जाणता गवंडी आजही चार बाजू मोजून थांबत नाही. दोरी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपी धरतो, चौकाचे दोन त्रिकोण करतो आणि मगच फरशीचा आकडा सांगतो.