पेप्टाइड इंजेक्शनमुळे तोंड वाकडं होतं का?

चूळ भरताना पाणी एका बाजूने गळतं, एक डोळा मिटत नाही. आपल्याकडे लोक म्हणतात, लकवा मारला. बहुतेक वेळा चेहऱ्याची नस सुजलेली असते. डॉक्टर त्याला बेल्स पाल्सी म्हणतात.

मौंजारो, वेगोव्ही ही वजन उतरवणारी पेप्टाइड इंजेक्शनं 2025 पासून भारतात मिळतात. त्यांच्यामुळे ही नस जाते, असं सिद्ध झालेलं नाही. इन्सुलिनही पेप्टाइडच. घाबरून ते बंद करू नका. उलट डायबिटीसमध्येच बेल्स पाल्सीचा धोका जास्त. जिममध्ये किंवा ऑनलाइन मिळणारं बीपीसी-157 मात्र टोचून घेऊ नका, त्याला औषध म्हणून मान्यताच नाही.

तोंड वाकडं, पण कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात, हात लुळा, बोलणं अडखळतं? मेंदूचा झटका असू शकतो, लगेच 108 लावा.

आठ्याही एकाच बाजूला पडत असल्या तरी घरी निदान नको. भगताकडे जायचं तर नंतर जा. आधी डहाणूचं उपजिल्हा किंवा तलासरीचं ग्रामीण रुग्णालय गाठा. स्टेरॉइडच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त गुण येतो. त्याने साखर वाढते, म्हणून मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. कुठलं इंजेक्शन चालू आहे, तेही डॉक्टरांना सांगा.