सिंहस्थातील पादचाऱ्यांची मार्गनिवड : नाशिक, २००३ व २०१५

गुरू सिंह राशीत असताना, साधारणतः दर बारा वर्षांनी, नाशिक-त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो. नाशिकमध्ये वैष्णव आखाड्यांचे शाहीस्नान पंचवटीतील रामकुंडावर होते. या मेळ्याचा इतिहास बहुधा आखाड्यांच्या अंगाने लिहिला जातो. प्रस्तुत लेखात पायी येणारा सामान्य यात्रेकरू वाट कशी निवडतो, याचा विचार केला आहे.

२७ ऑगस्ट २००३ रोजी काळाराम मंदिर व रामकुंड यांच्या दरम्यान, सरदार चौकाच्या परिसरात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. साधूंच्या मिरवणुकीसाठी जनसमुदाय अडथळ्यांमागे थोपविण्यात आला होता. मिरवणुकीतून उधळलेली नाणी वेचण्यासाठी झुंबड उडाली, असे त्या वेळच्या वृत्तांतांत नमूद आहे. चौकशीसाठी नेमलेल्या रमणी आयोगाने शाही मार्गाच्या रुंदीकरणाची शिफारस केली.

नाणी हे निमित्त झाले. कारण अधिक खोल आहे. डिर्क हेल्बिंग व पेटर मोल्नार यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार पादचारी आपल्या गंतव्याकडे जाताना इतरांपासून व भिंतींपासून अंतर राखतो. त्यामुळे समोरासमोरून येणारे प्रवाह कोणाच्याही आज्ञेवाचून स्वतंत्र रांगांत विभागले जातात. मात्र ही निवड मोकळ्या जागेवर अवलंबून असते. जॉन फ्रुइन यांच्या मते दर चौरस मीटरला सुमारे ७ माणसे झाली की जमाव द्रवासारखा वाहू लागतो. अशा वेळी पाऊल टाकण्याचा निर्णय व्यक्तीच्या हाती उरत नाही. पुढे काय घडले हे मागच्यांना दिसत नाही, म्हणून रेटा चालूच राहतो. अरुंद गल्लीत तर बाजूला सरण्यासही जागा नसते. अशा मृत्यूंचा दोष भाविकांच्या बेशिस्तीवर ढकलणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

२०१५ च्या सिंहस्थात प्रशासनाने दुसरे टोक गाठले. २९ ऑगस्टच्या पहिल्या शाहीस्नानाला जागोजागी अडथळे उभारल्याने भाविकांना दूरवर पायपीट करावी लागली. टीका झाल्यावर १३ सप्टेंबरच्या पर्वणीसाठी निर्बंध शिथिल करण्यात आले. त्या वर्षी नाशिकमध्ये २००३ ची पुनरावृत्ती झाली नाही, हे मान्यच करावे लागते.

सारांश, २००३ मध्ये पादचाऱ्याची निवड गल्लीने हिरावली, तर २०१५ मध्ये अडथळ्याने. पहिल्याची किंमत प्राणांनी मोजावी लागली, दुसऱ्याची थकव्याने. म्हणून दोन्ही समान मानता येत नाहीत. तथापि २०२७ मधील पर्वण्यांचे नियोजन करताना येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या ठेवणे, पुढील स्थिती मागच्यांना कळविणे आणि मध्येच बाहेर पडण्याची सोय राखणे, ही त्रिसूत्री या इतिहासातून हाती लागते.