एका फटफटीचीं सत्तावन वर्षें

घरांतील वडील माणसानें फटफटी विकली कीं सर्वांस हायसें वाटतें. विकणाऱ्यास काय वाटलें हें कोणी पुसत नाहीं. म्हणूनच न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडील इन्व्हरकार्गिल गांवच्या बर्ट मन्रोची हकीकत आम्हांस सांगावीशी वाटते.

१८९९ सालीं जन्मलेल्या या गृहस्थानें १९२० सालीं 'इंडियन स्काउट' ही फटफटी घेतली. (नांव इंडियन, कारखाना मात्र अमेरिकेचा!) मूळचा तिचा वेग ताशीं अवघा ५५ मैल. पण मन्रो आयुष्यभर तिचे भाग घरींच स्वहस्तें घडवीत राहिला. दट्ट्यांसाठीं जुन्या डब्यांचे सांचे करून त्यांत तो धातु ओती. १९६७ सालीं, वयाचीं अडुसष्ट वर्षें उलटल्यावर, अमेरिकेंतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यानें तिच्यावरून ताशीं १८३ मैलांहून अधिक वेगाचा, हजार सी. सी. च्या आंतील वर्गाचा, उच्चांक केला.

हा पराक्रम २००५ सालच्या चित्रपटानें सर्वांस ठाऊक केला. आमचें मन मात्र १९७७ सालापाशीं घुटमळतें. त्या वर्षीं मन्रोला पक्षाघाताचा झटका आला आणि हातपाय पूर्वीसारखे ऐकेनात. जी गाडी त्यानें सत्तावन वर्षें पुनःपुन्हां घडविली, तिच्यावर बसणें आतां शक्य नव्हतें. ती आपल्या प्रांताबाहेर जाऊं नये एवढीच त्याची इच्छा होती. म्हणून त्यानें ती गांवांतल्याच एका व्यापाऱ्यास विकली. १९७८ च्या जानेवारींत तो वारला.