नवी आहे, पुढे जा

तुमच्या हातांना कमावलेल्या कातड्याचा वास आहे, आणि तो कुठल्याही साबणानं जात नाही. गाव नॉर्थॅम्प्टन, इंग्लंडच्या ऐन पोटातलं, जोडे शिवणाऱ्यांचं. साल १९६१, मार्च संपत आलेला. वडिलांनी सुरू केलेला कारखाना आता तुम्ही चालवता. चाळीस माणसं, भिंतभर लाकडी फर्मे आणि खिडकीशी एक टेबल. टेबलावर एरवी हिशेबाची वही असते, आज 'ऑटोकार'चा अंक उघडा आहे. चहा कधीच निवलाय. तुम्ही एकच आकडा पुन्हा पुन्हा वाचताय: १५०.४.

ताशी मैल. आपल्या हिशेबात २४० किलोमीटरच्या वर. तुमची मॉरिस मायनर साठाला पोचली की दारं थरथरायला लागतात आणि शेजारी बसलेली बायको बोलणं थांबवते. हा आकडा त्याच्या अडीचपट. गाडीचं नाव जॅग्वार ई-टाइप. छपरासकट २,१९६ पौंड. चार मिनी आल्या असत्या एवढ्यात, हे खरं. पण ॲस्टन मार्टिनवाले जवळजवळ दुप्पट मागतात, हेही खरं. आणि मोहात पडलेला माणूस नेहमी दुसरा हिशेब धरतो.

(तुम्हाला हे आज कळायचं नाही, म्हणून कानात सांगतो. चाचणीला दिलेली ती गाडी कंपनीनं खास निगुतीनं तयार केलेली होती. गिऱ्हाईकाच्या गाडीला दीडशे गाठणं जड जाणार आहे. पण तुमच्या आनंदात आत्ताच माती कशाला कालवू?)

दोन आठवड्यांपूर्वी, १५ मार्चला, जिनिव्हात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. ९६०० एचपी नंबरची करडी गाडी कंपनीच्या बॉब बेरीनं कॉव्हेंट्रीहून रातोरात हाकत नेली आणि अनावरणाला काही मिनिटं उरली असताना पोचवली. मग तीत एक फेरी मारायला मिळावी म्हणून पत्रकारांची अशी झुंबड उडाली की जॅग्वारचे सर्वेसर्वा सर विल्यम लायन्स यांनी दुसरी गाडी मागवली. चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस हातातलं काम टाकून निघाला आणि उघड्या टपाची हिरवी ७७ आरडब्ल्यू घेऊन तोही रातोरात आल्प्सच्या पायथ्याशी हजर झाला. हे तुम्ही वाचता, आणि गावातल्या डीलरकडे जाऊन नाव लिहून येता. अनामत भरताना हात कापत नाही, याचं तुम्हालाच आश्चर्य वाटतं.

आता वाट पाहायची.

एप्रिलात, पंधरा तारखेला, ओल्टन पार्कला ई-टाइप पहिल्यांदाच शर्यतीत उतरते आणि ग्रॅहॅम हिल ती जिंकून दाखवतो. तुम्हाला उगाचच वाटतं की तुमच्या पदरातलंच काहीतरी जिंकलं. उन्हाळा येतो, जातो. डीलरची पत्रं येतात, सगळी एकाच सुराची: निर्यातीला प्राधान्य, दिलगीर आहोत. गाड्या बोटीनं अमेरिकेला चालल्यात. युद्धानंतरच्या इंग्लंडला डॉलर हवेत, आणि डॉलरवाल्यांना ही गाडी. पबमध्ये लोक आधी विचारतात, "आली का?" मग नुसत्या भुवया उंचावतात. मग तेवढंही करत नाहीत. लग्न ठरून मुहूर्त न निघालेल्या मुलाचं होतं, तसं तुमचं होतं.

त्याच वर्षी पुण्यामुंबईत फियाटसाठी नंबर लावून बसलेल्या माणसाला तुमचं हे दुःख ऐकवलं, तर तो हसेल. तुमची वाट चौदा महिन्यांची. त्याच्या हिशेबात ही चैन.

आणि आपल्याकडे 'थांबला तो संपला' म्हणतात, पण इथे थांबलेल्याचे गुडघे वाचले. पहिल्या गाड्यांच्या तळाचा पत्रा सपाट होता. तुमच्यासारख्या सहाफुट्यानं त्यात बसायचं म्हणजे गुडघे स्टिअरिंगला टेकवून, पाटावर बसल्यासारखं. बॉनेटची कुलपं बाहेरून होती. तेलाची पातळी बघायची तरी वेगळी किल्ली शोधा. कुलपं १९६१ संपायच्या आत आत गेली. १९६२च्या सुरुवातीला तळाला पाय ठेवायला खोलगट जागा आली. ज्यांना आधी मिळाली ते अजून आखडून बसलेत. तुमची गाडी येते मे महिन्यात.

चंदेरी निळी. डीलरच्या आवारात मधोमध उभी, आणि आसपासच्या गाड्या तिच्यापुढे कपाटांसारख्या दिसतायत. तुम्ही तिच्याभोवती फिरता. बॉनेटच एवढं लांब की फेरी संपता संपत नाही. हा आकार रेखणारा माल्कम सेयर विमानांच्या कामातून आलेला, डोळ्यांपेक्षा गणितावर विश्वास ठेवणारा. पण एवढं सुंदर गणित तुम्ही शाळेत पाहिलं नव्हतं. विंडस्क्रीनवर वायपर तीन, कारण काच रुंद आणि बुटकी. आत लाकडी स्टिअरिंग आणि विमानासारखी बटणांची रांग.

विक्रेता किल्ली देतो आणि पुस्तिका उघडून एका पानावर बोट ठेवतो. चौदा महिन्यांत याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

पहिले १,००० मैल: इंजिनाचे फेरे मिनिटाला २,५०० च्या वर नेऊ नयेत. पुढचे १,००० मैल: ३,००० च्या वर नेऊ नयेत.

समोरच्या घड्याळात लाल पट्टी सुरू होते ५,५०० ला. म्हणजे अर्ध्याच्याही आत राहायचं. वरच्या गिअरला अडीच हजार म्हणजे ताशी साठ मैलांच्या आसपास. साठ! मॉरिसचा आकडा.

तुम्ही हसता, आणि विक्रेत्याला वाटतं तुम्ही आनंदानं हसताय.

खरं तर ही गोष्ट तुमच्याइतकी कुणाला कळायला हवी? तुमच्या कारखान्यातला जोडा पहिल्या आठवड्यात चावतो. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं, आणि तुम्ही त्याला सांगता: रोज तासभरच घाला, भिजवू नका, पळू नका, तो तुमचा पाय शिकतोय. कोल्हापुरी वहाण तेल पाजून रुळवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. इंजिनाचंही तेच. सिलिंडरच्या आतल्या भिंती घोटताना त्यांवर मुद्दाम बारीक, एकमेकींना छेदणारे चरे ठेवलेले असतात. त्या चऱ्यांत तेल धरून राहतं. पण चऱ्यांचे उंचवटे अजून धारदार आहेत. पिस्टनच्या रिंगा वरखाली होताना ते उंचवटे झिजवतात, आणि झिजता झिजता स्वतः त्या भिंतीला चपखल बसतात. हे व्हायच्या आत जोर लावला तर उष्णता वाढते, तेलाचा पापुद्रा फाटतो आणि लोखंड लोखंडाला ओरबाडतं. नव्यानं टाकी लावलेला पाटा आठवा. पहिलं वाटण घरात कुणी खात नाही, त्यात दगडाची कच असते. इथे ती कच तेलात उतरते. म्हणून पहिलं तेल ५०० मैलांवरच काढून टाकायचं.

मात्र नुसतं हळू जाणं म्हणजे पथ्य नव्हे, हे पुस्तिका बजावते आणि मलाही पटतं. चढावर वरच्याच गिअरमध्ये कण्हत नेलं, तर तेही इंजिनाला जाचक. गिअर खाली घ्यायचा. शिवाय रिंगांना भिंतीवर दाबायला थोडा भार लागतो. फार लाड केले तर भिंत गुळगुळीत होते, रिंगा बसतच नाहीत आणि गाडी जन्मभर तेल पीत राहते. मुलांच्या बाबतीत असंच म्हणतात, पण ते असो.

डीलर निघताना मागच्या काचेवर एक कागद चिकटवून देतो. इंग्लंडात त्या काळी नव्या गाडीवर हा हमखास दिसायचा: 'रनिंग इन, प्लीज पास'. नवी आहे, पुढे जा.

इथून पुढचे दोन महिने तुम्ही, जगातली सर्वांत वेगवान म्हणवणारी विक्रीची गाडी बाळगून, देशातले सर्वांत सोशिक चालक आहात. सकाळी चोकची दांडी ओढता, लाल दिवा लागतो, बटण दाबता. सहा सिलिंडर जागे होतात, आधी खाकरत, मग एका दमात. या ३.८ लिटरच्या इंजिनाचं एक्सके घराणं युद्धाच्या काळात, कारखान्याच्या छपरावर आगीचा पहारा देता देता, लायन्सच्या इंजिनिअरांनी मनात आखलेलं. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी पुरती थांबल्याशिवाय तो टाकलात तर दात खातो, आणि बाजार चौकातले लोक मागे वळून बघतात. ब्रेक दाबला की गाडी क्षणभर विचार करते आणि मग थांबते. सीट पातळ. या तक्रारी तुमच्या एकट्याच्या नाहीत. पण दीडशेच्या आकड्यापुढे त्या तुम्ही स्वतःशीही मोठ्यानं बोलत नाही.

एम-१ हमरस्ता गावाला लागूनच जातो. १९५९च्या नोव्हेंबरात सुरू झालेला, मधे कठडा नाही, आणि वेगाला मर्यादा नाही. अजिबात नाही. या रस्त्यावर तुम्ही डाव्या कडेनं साठानं चाललाय. फोर्ड अँग्लिया पुढे जाते. आतली म्हातारी तुमच्याकडे दयेनं बघते. दूधवाल्याची व्हॅन जाते. एक झेफायर आधी मागे रेंगाळतो, बॉनेट न्याहाळतो, कागद वाचतो आणि हॉर्न वाजवून खिदळत निघून जातो. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली २६५ घोडे आहेत, आणि तुम्ही तो अंगठा बुटात वर उचलून धरलाय. बूट तुमच्याच कारखान्यातला, पुरता रुळलेला.

पंपावर पोरं विचारतात, "किती पळते?"

"साठ," तुम्ही सांगता.

पोरं पोट धरून हसतात. खरं बोलून एवढा हशा तुम्ही आयुष्यात कधी पिकवला नव्हता.

मैल संपवायचे म्हणून तुम्हाला नातेवाईक आठवायला लागतात. नॉरिचच्या मावशीला दोनदा भेटून येता. दुसऱ्या खेपेला ती विचारते, काही अडचण आहे का? जपमाळ ओढावी तसे मैल ओढता. पाचशेला गाडी कार्यशाळेत जाते. मेकॅनिक चाकी सोडतो आणि पात्रात तेल पडतं, करडं, उन्हात बारीक चमचमणारं. तो बोटावर घेऊन चोळतो आणि तुमच्यापुढे धरतो. तुम्हीही चोळता. कच आहे. गाडीनं आपलं पहिलं वाटण टाकून दिलं.

आपल्याकडे पुढे स्कूटरी आल्या तेव्हा हेच 'गाडी रनिंगमध्ये आहे' या नावानं घरोघर चाललं. चाळीसवर काटा टेकवून काका अशा गंभीर चेहऱ्यानं जायचे की मागे बसलेल्याला शिंकायचीही चोरी. आजच्या बहुतेक गाड्यांत भिंती कारखान्यातच इतक्या काटेकोर घोटलेल्या असतात की पथ्य पुस्तिकेच्या दोन ओळींत उरकतं. सोय झाली, नाही कुठे म्हणतोय मी?

हजार होतात. तीन हजार फेऱ्यांची परवानगी मिळते, म्हणजे सत्तरीच्या थोडं पुढे, आणि अँग्लियांचा एकदाचा हिशेब चुकता होतो. आवाजही बदललाय. मे महिन्यातली कोरडी कुरकुर आता जड, ओलसर गुरगुरीवर आलीय. गिअर मनगटाच्या इशाऱ्यावर पडतो. की तुमचंच मनगट त्याला शिकलं? कोण कुणाला रुळलं, हे आता सांगता येत नाही.

जुलैतला रविवार, पहाटे पाच. मैलाच्या खिडकीत २००१. तुम्ही कातडं खरवडायची बोथट सुरी घेऊन मागच्या काचेवरचा कागद सोडवता. डिंक उन्हानं भाजून घट्ट बसलाय. कागद निघतो, चौकोनी डाग उरतो.

हमरस्ता रिकामा. तिसऱ्या गिअरला पाय खाली जातो. ३,०००. इथपर्यंत ओळखीचं. ३,५०० ला तीन कार्ब्युरेटर एकदम श्वास ओढतात, लांब बॉनेट किंचित उचलतं. ४,००० ला आवाज पोटात शिरतो. ५,००० ला चौथा. कडेची झाडं सुटी राहत नाहीत. काटा १२० ओलांडतो, मग १२५. स्टिअरिंग हातात हलकं होतं, टायर कुजबुजतात, आणि अडीच मिनिटांत पाच मैल मागे पडतात. (१९६५च्या डिसेंबरात या रस्त्यावर सत्तरची मर्यादा येईल. तुमच्याकडे साडेतीन वर्षंही नाहीत. तेही कानातच.)

न्यूपोर्ट पॅग्नेलला पेट्रोल पंपावर थांबता. इंजिन बंद केल्यावर तापलेला पत्रा टिक टिक करत राहतो. बॉनेट पुढे उलटवून कांडी काढता, फडक्यानं पुसता, परत घालून बघता. तेल थोडं उतरलंय, पण स्वच्छ आहे, मधासारखं. चमक नाही.

पंपावरचा पोरगा नळी हातात घेऊन गाडीभोवती एक फेरी मारतो.

"साहेब, किती पळते?"

"साठ."

तो हसत नाही. मागच्या काचेवरच्या चौकोनी डागाकडे बघतो, मग तुमच्या विस्कटलेल्या केसांकडे, आणि टाकीचं झाकण उघडायला लागतो.